सातारची गादी : वारस कोण, आणि तो ठरवणार कोण?

माचीपेठकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

माहुलीला कृष्णेकाठी शाहू महाराजांची समाधी आहे आणि ताराराणींचीही. एकमेकांचा गादीवरचा हक्क ज्यांनी वर्षानुवर्षं नाकारला, ती चुलती आणि तो पुतण्या एकाच नदीच्या काठावर आहेत. बाहेरगावचा पाहुणा तिथे आला की हमखास विचारतो, "मग खरा वारस कोण?" यावर आपल्याकडे रात्र रात्र वाद होतात, ते घराण्याच्या अभिमानावर जातात आणि तिथेच अडकतात. मला वाटतं याच्या शेजारचा प्रश्न जास्त मोलाचा आहे. वारस कोण हे ठरवलं कुणी? आणि ठरवून देण्याच्या बदल्यात त्याने काय घेतलं?

माझं म्हणणं आधीच मांडतो. सातारच्या गादीसाठी जेव्हा जेव्हा वाद झाला, तेव्हा वाद मिटवणाऱ्याने गादीच्या अधिकारातला मोठा वाटा स्वतःकडे घेतला. १७०७ नंतर सरदारांनी घेतला, १७४९ नंतर पेशव्यांनी, आणि १८४८ मध्ये कंपनी सरकारने उरलेलं सगळंच घेतलं.

राजा गेला की त्याच दिवशी अगदी रोजचे प्रश्न उभे राहतात. किल्लेदाराने हुकूम कुणाचा मानायचा? सावकाराने कर्ज कुणाच्या शिक्क्यावर द्यायचं? शेजारच्या राज्याशी झालेला तह कुणाला बांधील? वारशाचा नियम असतो तो यासाठी. आपल्याला थोरला मुलगा गादीवर येणं स्वाभाविक वाटतं, पण जगभर तसं नव्हतं. त्रावणकोरला गादी राजाच्या मुलाकडे न जाता बहिणीच्या मुलाकडे जायची. उस्मानी सुलतानांत १५९५ मध्ये तिसरा मेहमद तख्तावर आला तेव्हा त्याने आपले १९ भाऊ मारवले. पुढे १६१७ पासून घराण्यातला वयाने थोरला पुरुष गादीवर येऊ लागला. मोगलांत सगळेच शहाजादे हक्कदार, म्हणून दर पिढीला लढाई. थोरल्या मुलाच्या नियमात लढाई टळते, पण गादीवर पाच वर्षांचं मूल बसू शकतं. मोगलांच्या रीतीत सहसा धडाडीचा माणूस वर येतो, पण तोपर्यंत अर्धी फौज कापली गेलेली असते.

आता १७०७. औरंगजेब मार्चमध्ये नगरला वारला आणि त्याच्या मुलांत तख्तासाठी झुंज लागली. आझमशहा उत्तरेकडे भावाशी लढायला निघाला होता. मागे मराठे एकजुटीने उठू नयेत म्हणून मे महिन्यात माळव्यात त्याने कैदेतल्या शाहूराजांना, म्हणजे संभाजीराजांच्या मुलाला, जाऊ दिलं. त्यांच्या आई येसूबाई मात्र ओलीस राहिल्या. म्हणजे मोगलांच्या वारसायुद्धातून आपलं वारसायुद्ध जन्माला आलं.

इकडे १७०० मध्ये संभाजीराजांचे धाकटे भाऊ राजाराम महाराज गेल्यापासून त्यांच्या राणी ताराराणी आपल्या मुलाच्या, दुसऱ्या शिवाजीच्या नावाने राज्य चालवत होत्या, औरंगजेबाशी झुंजत होत्या. आलेला शाहू तोतया आहे असं त्यांनी आधी जाहीर केलं. शिवाय त्यांचा आणखी एक मुद्दा होता आणि तो हलका नव्हता : थोरल्या महाराजांचं, म्हणजे शिवाजी महाराजांचं, राज्य संभाजीराजांच्या वेळी गेलं, आज जे आहे ते राजारामांनी नव्याने उभं केलेलं आहे, तेव्हा ते त्यांच्याच मुलाचं. ऑक्टोबर १७०७ मध्ये भीमेकाठी खेडला दोन्ही फौजा समोरासमोर आल्या आणि धनाजी जाधव शाहूराजांकडे गेले. लढाईचा निकाल तिथेच लागला. मग सातारा. परशुरामपंत प्रतिनिधी ताराराणींच्या बाजूने किल्ला लढवत होते. किल्ल्यावरच्याच शेख मिरा याने त्यांनाच कैद करून किल्ला शाहूराजांच्या हवाली केला. १२ जानेवारी १७०८ ला साताऱ्यात राज्याभिषेक झाला.

या गोष्टीत रक्ताचं नातं कुणी तपासलं? धनाजीरावांनी आणि शेख मिराने बाजू बदलली, त्यावर वारस ठरला. आणि अशा बाजू बदलण्याला किंमत असते. पुढची काही वर्षं दोन्ही गाद्या सरदारांना आपल्याकडे ओढत राहिल्या. कान्होजी आंग्रे ताराराणींच्या पक्षात होते, त्यांनी शाहूंच्या पेशव्यालाच पकडलं. १७१४ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी त्यांना वळवलं, पण बदल्यात किल्ले, मुलूख आणि सरखेलपद (आरमाराचं प्रमुखपद) कायम करून द्यावं लागलं. थोरल्या महाराजांनी सरंजाम, म्हणजे पगाराऐवजी मुलूख, देण्याचं टाळलं होतं, रोख पगाराची फौज ठेवली होती. दोन गाद्यांच्या चढाओढीत तो शहाणपणा टिकणं शक्यच नव्हतं. शाहू महाराज स्वभावाने उदार आणि समजूतदार राजे होते याबद्दल मला मनापासून आदर आहे, पण ज्यांनी राजा केलं त्यांना मोठं करणं त्यांना भागच होतं. त्यातूनच बाळाजी विश्वनाथ १७१३ मध्ये पेशवे झाले.

१७४९ वर लिहिलं तर पोस्ट फार लांबेल. आधी तुमचं ऐकायचं आहे.

---

कोयनाकाठ

+१. शेख मिराचा उल्लेख केलात हे बरं झालं. वाईजवळचं पसरणी गाव त्यांच्या घराण्याकडे इनाम होतं. १७४९ वर जरूर लिहा. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

तळबीडकर

सुरुवात १६८० पासून करायला पाहिजे, आणि आमच्या गावाचा मान म्हणून मीच लिहितो.

शिवाजी महाराज ३ एप्रिल १६८० ला रायगडावर गेले. थोरले संभाजीराजे तेव्हा पन्हाळ्यावर. महिना उलटायच्या आत रायगडावर दहा वर्षांच्या राजारामांना मंचकावर बसवलं. पुढाकार राजारामांच्या आई सोयराबाई राणीसाहेबांचा आणि अण्णाजी दत्तो, मोरोपंत या कारभाऱ्यांचा. मग हे दोघे कारभारी संभाजीराजांना धरायला पन्हाळ्याकडे निघाले. आता सरनौबत, म्हणजे सेनापती, कोण? हंबीरराव मोहिते, तळबीडचे. सोयराबाईंचे सख्खे भाऊ. म्हणजे राजाराम त्यांचा भाचा. भाचा छत्रपती होत असताना मामाने काय करावं असं कुणीही सांगेल. हंबीररावांनी अण्णाजी आणि मोरोपंत या दोघांनाच पकडून संभाजीराजांपुढे नेलं. १६ जानेवारी १६८१ ला संभाजीराजांचा राज्याभिषेक झाला.

माचीपेठकर, तुम्ही म्हणता वाद मिटवणारा काहीतरी घेतोच. हंबीररावांनी काय घेतलं सांगा. १६८७ मध्ये वाईच्या लढाईत त्यांनी जीव दिला. तुमच्या नियमात हा माणूस बसत नाही, आणि तो बसत नाही हे धाग्यात नोंदलं गेलं पाहिजे.

---

माचीपेठकर (धागाकर्ता)

नोंदलं, आणि आनंदाने. १६८० मी मुद्दाम यादीत धरलं नाही त्याचं कारणही तेच आहे. तेव्हा सरनौबत हा पगारी अधिकारी होता. त्याला स्वतःचा मुलूख वाढवायचा नव्हता, फौज राज्याच्या खजिन्यावर चालायची. म्हणून हंबीरराव नात्यापलीकडे जाऊन उभे राहू शकले. २७ वर्षांनी खेडला उभे असलेले सरदार वेगळ्या घडणीचे होते. दक्षिणेत जिंजीच्या किल्ल्यावर असताना राजाराम महाराजांना वतनांची आश्वासनं देऊन फौज उभी करावी लागली होती, कारण खजिना नव्हताच.

---

राज्यसेवा_सांगली

सर्वांना नमस्कार. मी परीक्षेचा अभ्यास करतोय, पुस्तकात हे सगळं दोन ओळींत उरकलेलं असतं. माझी शंका : शिवाजी महाराजांनी इतक्या गोष्टींचे नियम घातले, मग वारशाचा नियम का घातला नाही?

---

निवृत्त मास्तर

बाळ, चांगला प्रश्न आहे, सविस्तर उत्तर देतो.

महाराजांनी वारस नेमलाच नव्हता असे म्हणता येत नाही. १६७४ च्या राज्याभिषेकात संभाजीराजे युवराज म्हणून विधीला बसले होते. राज्याभिषेकाच्या शास्त्रात युवराजाला स्थान असते, म्हणजे ही जाहीर नेमणूकच होती. पुढे १६७८ च्या अखेरीस संभाजीराजे मोगल सरदार दिलेरखानाकडे गेले, वर्षभराने परत आले, आणि तेव्हापासून ही नेमणूक डळमळली. सभासदाच्या बखरीत असे आहे की महाराजांनी पन्हाळ्यावर संभाजीराजांना राज्याच्या दोन वाटण्या बोलून दाखवल्या : तुंगभद्रेपलीकडे कावेरीपर्यंतचे एक राज्य, आणि तुंगभद्रेअलीकडचे दुसरे. सभासदाने बखर जिंजीला राजाराम महाराजांच्या आश्रयाला बसून लिहिली, तेव्हा तिच्याकडे त्या नजरेने पाहावे. परंतु वाटणीचा विचार त्या काळच्या माणसांना अशक्य वाटत नव्हता एवढे तीवरून नक्की कळते.

वाटणी ही आपल्या समाजाची जुनी रीत होती. शेत वाटते, घर वाटते, वतनाचे तक्षिमदार (वाटेकरी) होतात. राज्य मात्र अखंड राहावे आणि एकाकडेच जावे, हा विचार वेगळा आहे. हे दोन विचार आपल्याकडे एकाच वेळी नांदत होते आणि कोणता खरा हे कधी लेखी ठरले नाही. १६८९ मध्ये संभाजीराजे पकडले गेल्यावर शाहू सहा-सात वर्षांचे होते. येसूबाईंनी आपल्या मुलाचा आग्रह न धरता धाकट्या दिरांना, राजारामांना, पुढे केले. राज्य वाचवण्यासाठी याहून मोठा त्याग मला माहीत नाही. पण राजाराम हे स्वतःच्या हक्काने छत्रपती झाले की शाहू सुटेपर्यंतचे पालक म्हणून, हे त्या दिवशी कुणी कागदावर लिहिले नाही. १७०७ चा सगळा झगडा त्या न लिहिलेल्या कागदावरचा आहे.

---

राज्यसेवा_सांगली

धन्यवाद सर! म्हणजे ताराराणी आणि शाहू महाराज दोघेही आपापल्या जागी बरोबर असू शकतात?

---

निवृत्त मास्तर

नियम नसला की दोघेही बरोबर असू शकतात. म्हणून तर लढाई होते.

---

वाईची रमा

इथवर वाचलं आणि एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. सोयराबाई, येसूबाई, ताराराणी, राजसबाई. प्रत्येक वारसाप्रश्नात मध्यभागी एक बाई आहे, आणि आपण एक तर तिला कारस्थानी म्हणतो नाहीतर त्यागमूर्ती. तिच्यापुढे दुसरा रस्ता कोणता होता हे कुणी विचारत नाही.

ताराराणींचं बघा. हंबीररावांची लेक. पंचविशीत वैधव्य. समोर औरंगजेब, जो स्वतः दख्खनेत ठाण मांडून बसलेला आणि १७०० मध्ये याच साताऱ्याचा किल्ला घेऊन त्याला आझमतारा नाव देणारा. सात वर्षं तिने ते राज्य तोलून धरलं. पण ते स्वतःच्या नावाने चालवता येत नव्हतं, चालवायचं ते मुलाच्या नावाने. म्हणून मुलगा गादीवर असणं ही तिच्या सगळ्या कर्तृत्वाची अट होऊन बसली. १७१४ मध्ये सवत राजसबाईने पन्हाळ्यावर आपल्या मुलाला, संभाजीला, गादीवर बसवलं आणि ताराराणी मुलासह कैदेत गेल्या. मुलाची गादी गेल्याबरोबर सत्ता गेली. कर्तृत्व तेच होतं की!

हे आपल्याकडेच होतं असंही नाही. व्हिक्टोरिया १८३७ मध्ये इंग्लंडची राणी झाली, पण हॅनोव्हरचं राज्य, जे तिच्या काकाकडे इंग्लंडबरोबरच होतं, ते तिला मिळालं नाही. तिथला कायदा बाईला गादी देत नव्हता, ती दुसऱ्या काकाकडे गेली. एकच बाई, एकाच दिवशी, एका राज्यात हक्कदार आणि दुसऱ्यात नाही. इंग्लंडमध्येसुद्धा धाकट्या भावाने थोरल्या बहिणीच्या पुढे जाण्याची रीत २०१३ च्या कायद्याने रद्द केली, आणि तीही २८ ऑक्टोबर २०११ नंतर जन्मलेल्यांसाठी.

---

हरिपूरकर

रमाताई, शंभर टक्के सहमत.

आता आमच्या काठावरची गोष्ट. शाहू महाराज आणि कोल्हापूरचे संभाजीराजे, म्हणजे राजसबाईंचे चिरंजीव, यांचा झगडा १७३१ पर्यंत चालला. आधी कऱ्हाडजवळ जखिणवाडीला दोघा चुलतभावांची भेट झाली आणि १३ एप्रिल १७३१ ला वारणेचा तह. वारणेच्या उत्तरेला सातारा, दक्षिणेला कोल्हापूर. वारणा आमच्या हरिपूरला कृष्णेला मिळते. संगमेश्वराच्या देवळाला लोक श्रावणात येतात, पण तिथून दिसणारी नदी एका घराण्याच्या दोन गाद्यांमधली सीमा होती हे फार थोड्यांना माहीत असतं. आजही शिराळा आणि वाळवा तालुक्यांच्या खालच्या अंगाला बराच पल्ला वारणाच सांगली आणि कोल्हापूर जिल्हे वेगळे करते. १८१९ मध्ये इंग्रजांनी सातारच्या प्रतापसिंह महाराजांना राज्य दिलं तेव्हाही दक्षिणेची हद्द वारणा आणि कृष्णाच धरली.

मास्तर म्हणाले तो वाटणीचा विचार शेवटी या नदीवर येऊन ठरला. पण मला या तहात एक चांगली गोष्ट दिसते. दोन्हीकडचे वारस कायम झाले, त्या नदीवर पुन्हा भाऊबंदकीची मोठी लढाई झाली नाही. वाद मिटवणारा तिसरा कुणी नव्हता, दोघांनी आपसात मिटवला. त्या आधी १७०९ मध्ये दोन्ही बाजूंचे वकील मोगल बादशहा बहादूरशहाकडे सनदा मागायला गेले होते, तेव्हा आधी आपसातलं मिटवा असं सांगून त्याने दोघांनाही रिकाम्या हाताने परत पाठवलं होतं.

---

माचीपेठकर (धागाकर्ता)

हरिपूरकर, हे माझ्या म्हणण्याला फार मोठा आधार देणारं आहे. तिसरा नसला की गादीचं काही जात नाही. आता १७४९ घेतो, कारण तिथे तिसरा अगदी शेजारच्या खोलीत होता.

शाहू महाराजांना गादी चालवणारा मुलगा नव्हता. शेवटच्या आजारात दरबारात दोन मतं. थोरल्या राणी सकवारबाईंचा दत्तकाचा बेत वेगळा, कोल्हापूरच्या संभाजीराजांची आशा वेगळी. एवढ्यात ताराराणींनी सांगितलं की माझा नातू जिवंत आहे, शत्रूंपासून लपवून वाढवला आहे. तोच रामराजा. महाराजांनी स्वतःच्या हाताने दोन याद्या, म्हणजे लेखी आज्ञा, पेशव्यांना लिहून दिल्या. तात्पर्य असं की राज्याचा भार पेशव्यांनी चालवावा, गादीवर वंशातला माणूस बसवावा, कोल्हापूरचा घेऊ नये. १५ डिसेंबर १७४९ ला महाराज गेले. सकवारबाई सती गेल्या. जानेवारी १७५० मध्ये रामराजे गादीवर आले.

एका माणसाचा वारसाहक्क पूर्णपणे एका आजीच्या शब्दावर उभा होता, आणि तो शब्द मान्य करवून घेणारी ताकद पेशव्यांची होती. सप्टेंबर १७५० मध्ये सांगोल्याला रामराजांकडून कारभाराचे अधिकार पेशव्यांकडे गेले. नोव्हेंबरात चंपाषष्ठीला ताराराणींनी नातवाला किल्ल्यावर जेवायला बोलावलं आणि दरवाजे लावून कैद केलं. हा माझा नातू नाही, असं जाहीर केलं. सरदार दमाजी गायकवाड ताराराणींच्या मदतीला आले, वेण्णेकाठी त्यांचा पाडाव झाला. १४ सप्टेंबर १७५२ ला जेजुरीला खंडोबापुढे पेशव्यांशी शपथक्रिया झाली. ताराराणींनी तिथेही रामराजा आपल्या वंशाचा नाही असंच सांगितलं.

आणि तरीही रामराजे गादीवरून उतरले नाहीत. १७७७ पर्यंत, मरेपर्यंत छत्रपती राहिले. ज्या बाईने त्यांना वारस केलं तिनेच देवासमोर नाकारलं, तरी काही बदललं नाही, कारण तोवर गादीवर कोण आहे याने काही बदलायचंच राहिलं नव्हतं. कारभार पुण्याला गेला होता. नवा पेशवा झाला की पेशवाईची वस्त्रं मात्र साताऱ्याहूनच यायची. नारायणरावांच्या खुनानंतर १७७४ मध्ये जन्मलेल्या चाळीस दिवसांच्या सवाई माधवरावांनाही ती आली. छत्रपतींचा उपयोग तेवढाच उरला : दुसऱ्याच्या वारशावर शिक्का देणं.

---

वाईची रमा

रामराजा खरा नातू होता की नाही, यावर तुमचं मत काय?

---

माचीपेठकर (धागाकर्ता)

रमाताई, मला तो खरा वाटतो. ताराराणींनी नाकारलं ते तो त्यांच्या सांगण्यात राहीना तेव्हा, पेशव्यांकडे झुकला तेव्हा. मानायला आणि नाकारायला दोन्ही वेळेला कारण राजकीय होतं. सत्तरीच्या पुढे वय, आयुष्याची सोळा-सतरा वर्षं सवतीच्या कैदेत गेलेली, आणि हातात उरलेलं शेवटचं शस्त्र म्हणजे "हा माझा आहे" किंवा "हा माझा नाही" एवढं एक वाक्य. ते त्यांनी वापरलं. मी त्यांना दोष देऊ शकत नाही.

---

गणेशदुर्ग

धागा उत्तम चाललाय, पण मूळ मांडणीशी माझं जमत नाही. सांगलीकर म्हणून लिहितो.

तुम्ही सगळं वारशाच्या नियमावर ढकलता. १८४८ मध्ये नियम नव्हता असं कुठे होतं? प्रतापसिंहांचे भाऊ आणि त्यांच्यानंतरचे राजे शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराजांनी ५ एप्रिलला मरण्यापूर्वी व्यंकोजींना विधिपूर्वक दत्तक घेतलं होतं. धर्मशास्त्राचा नियम अगदी स्पष्ट होता. १८१९ च्या तहात वारस आणि उत्तराधिकारी यांचा स्पष्ट उल्लेख होता. तरी राज्य गेलं. कारण ताकद कंपनीचा गव्हर्नर जनरल डलहौसी याच्याकडे होती. ताकदवान माणसाला निमित्त लागतं, नियम कितीही स्पष्ट असला तरी तो काढतो. १८३९ मध्ये प्रतापसिंह महाराजांना काढलं तेव्हा वारशाचा प्रश्न तरी होता का? कटाचा आरोप ठेवला आणि काशीला पाठवलं.

आमच्या पटवर्धनांचं पाहा. त्यांच्यात वाटण्या होत गेल्या. मिरजेहून चिंतामणराव आप्पासाहेब चुलत्यांशी वाद होऊन १८०१ च्या सुमारास सांगलीला आले आणि इथे संस्थान उभं राहिलं. मिरजेचे १८२० मध्ये आणखी चार वाटे झाले. त्यातले दोन १८४२ आणि १८४५ मध्ये पुरुष वारस नाही म्हणून खालसा, म्हणजे कंपनीकडे जमा, झाले. तासगाव १८४८ मध्ये गेलं. जेवढे वाटे जास्त, तेवढ्या निपुत्रिक गाद्या जास्त, तेवढी कंपनीला संधी जास्त. इथे वाद कुणाचाच नव्हता. फक्त घरात मुलगा नव्हता.

---

माचीपेठकर (धागाकर्ता)

गणेशदुर्ग, वाट्यांचा मुद्दा एकदम पटला आणि माझ्या मांडणीत तो यायलाच हवा होता इतका महत्त्वाचा आहे. पण १८४८ बद्दल तुमच्याशी वाद घालणार.

कंपनीच्या आत तेव्हा एकमत नव्हतं. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज क्लार्क खालसा करण्याच्या विरोधात होते. साताऱ्याचा रेसिडेंट, म्हणजे कंपनीचा प्रतिनिधी, बार्टल फ्रिअर, त्यानेही दत्तक मान्य करावा असंच कळवलं होतं. म्हणजे साताऱ्यात बसलेल्या इंग्रजालाही हा हक्क दिसत होता. डलहौसीचं म्हणणं काय होतं? दत्तकाला खासगी मालमत्ता मिळेल, त्याला हरकत नाही. पण राज्य मिळायला सार्वभौम सत्तेची संमती लागते, आणि सातारा हे राज्य आम्हीच १८१९ मध्ये निर्माण केलेलं आहे. जानेवारी १८४८ मध्ये हा माणूस हिंदुस्थानात उतरला आणि त्याच वर्षी त्याने हे केलं.

ही संमती मागण्याची खोड लागली कधी? १७५० मध्येच. सातारच्या गादीवर कुणी बसायचं याला दुसऱ्या कुणाची मान्यता लागते, हे सगळ्या हिंदुस्थानाने शंभर वर्षं पाहिलं होतं. आधी पेशव्यांची लागायची. १८१८ नंतर इंग्रज पेशव्यांच्या जागी बसले, तेव्हा तो अधिकारही आपल्याकडे आला असं त्यांनी धरलं. ताकद त्यांची होती, मान्य. पण आम्ही फक्त संमती नाकारली, असं म्हणायची सोय आपणच त्यांना करून ठेवली होती.

प्रतापसिंह महाराजांचे वकील रंगो बापूजी चौदा वर्षं लंडनमध्ये राहून हेच सांगत होते की हा राजा तुमच्या मेहेरबानीने राजा झालेला नाही. कुणी ऐकलं नाही.

---

तळबीडकर

रंगो बापूजींवर वेगळा धागा काढा. त्या माणसाचं ऋण फिटलेलं नाही.

---

निवृत्त मास्तर

दत्तकाविषयी थोडी भर घालतो, कारण त्याशिवाय या धाग्याचा अर्धा भाग अंधारात राहील.

आपल्या शास्त्राप्रमाणे दत्तक पुत्र हा औरस पुत्राच्या जागी येतो. पिंडदानाचा अधिकार त्याला, आणि त्याबरोबर इस्टेटही. प्रांताप्रांतात फरक होता. बंगालमध्ये विधवेला दत्तक घ्यायला नवऱ्याची परवानगी लागे, आपल्याकडे व्यवहारमयूख या धर्मशास्त्रग्रंथाच्या परंपरेत तशी स्पष्ट परवानगी नसली तरी चाले. म्हणून महाराष्ट्रात घराणी विधवांनी तारल्याची उदाहरणे भरपूर आहेत.

आता परिणाम पाहा. १८५७ चा उठाव झाला, त्याला या खालसा धोरणाचा राग हे एक मोठे कारण होते. मग १८५८ चा राणीचा जाहीरनामा आला आणि १८६२ च्या सुमारास संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा, म्हणजे दत्तक घेण्याचा लेखी हक्क, मिळाल्या. सातारा खालसा होऊन जेमतेम चौदा वर्षे झाली होती. कोल्हापूरचे राजाराम महाराज १८७० मध्ये इटलीत फ्लॉरेन्सला वारले. पुढे चौथे शिवाजी, तेही दत्तक, १८८३ मध्ये गेले. त्यांच्या विधवा राणी आनंदीबाई यांनी मार्च १८८४ मध्ये कागलच्या घाटग्यांचा यशवंत दत्तक घेतला. तोच मुलगा पुढे राजर्षी शाहू. १९०२ चे पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचे फर्मान त्या मुलाने काढले. तिकडे बडोद्याला महाराणी जमनाबाईंनी १८७५ मध्ये कवळाण्याच्या शेतकरी घरातला मुलगा दत्तक घेतला, ते सयाजीराव.

साताऱ्याला लावलेला न्याय कोल्हापूर-बडोद्याला लावला असता तर हे दोन्ही राजे झाले नसते. मी शाळेत मुलांना हे सांगायचो तेव्हा वर्गात एकदम शांतता पसरायची, कारण बाकावर बसलेल्या कित्येकांच्या घरातले पहिले शिकलेले आजोबा कोल्हापूरच्या वसतिगृहात राहून शिकलेले असत. वारसाहक्क ही राजवाड्यातली गोष्ट आहे असे ज्यांना वाटते त्यांनी हे लक्षात घ्यावे.

---

हरिपूरकर

मास्तर, हे वाचून अंगावर काटा आला. वारणेच्या एका काठाला दत्तक नाकारला, दुसऱ्या काठाला मान्य केला. घराणं एकच.

---

राज्यसेवा_सांगली

सर, हे कुठल्याच पुस्तकात असं जोडून दिलेलं नाही. खूप खूप आभार.

गणेशदुर्गकाका, सनदा मिळाल्यावर सांगलीत निपुत्रिक गादीचा प्रसंग आला होता का?

---

गणेशदुर्ग

आला होता. धुंडिराज तात्यासाहेब १९०१ मध्ये वारले, मागे मुलगा नाही. सांगलीकडे दत्तकाची सनद होती, त्यामुळे संस्थान खालसा झालं नाही. पण दत्तक कोण हे ठरायला १९०३ उजाडलं, आणि ती निवड मुंबई सरकारने पटवर्धनांच्याच शाखेतून केली. तेच दुसरे चिंतामणराव आप्पासाहेब. तेव्हा ते लहान होते, म्हणून कारभार सरकारने नेमलेल्या माणसाकडे राहिला, आणि १९१० मध्ये त्यांच्या हाती अधिकार आले. पुढे ८ मार्च १९४८ ला संस्थान विलीन होईपर्यंत तेच होते.

माचीपेठकर, आता तुम्ही म्हणाल की बघा, ठरवणारा तिसरा होताच. होता. पण सनद होती म्हणून त्याला निवड करावी लागली, गिळता आलं नाही. माझ्या आधीच्या पोस्टमधलं ताकदीचं म्हणणं मी सोडत नाही. फक्त एवढं मान्य करतो की कागदावरचा नियम ताकदवानाचेही हात थोडे बांधतो. आमची सांगली त्यामुळेच आणखी ४७ वर्षं नकाशावर राहिली.

---

माचीपेठकर (धागाकर्ता)

याहून जास्त मलाही काही म्हणायचं नव्हतं.

तळबीडकर, रंगो बापूजींचा धागा या आठवड्यात काढतो. मास्तर, १८१९ च्या तहाची कलमं तुमच्याकडे मराठीत असतील तर तिथे टाका, म्हणजे वारसाच्या कलमावर नीट बोलता येईल.

---

निवृत्त मास्तर

शोधून ठेवतो. सगळी टंकायला वेळ लागेल, पण वारसाचे कलम आधी देतो.